न सांगितलेला धक्का

पुण्यात सायकली तासावर भाड्यानं मिळायच्या तेव्हाची गोष्ट. दुकानदार जाड वहीत नाव, सायकलचा नंबर आणि घड्याळातली वेळ टिपायचा. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर तेवढ्यावर भागायचं, नसेल तर काहीतरी ठेवून जावं लागायचं. एका दुपारी मी पुढचं चाक खड्ड्यात घातलं आणि रिमला बाक आला. परतलो तेव्हा दुकानात गर्दी होती. मी सायकल रांगेत सगळ्यात आत नेली, वाकलेली बाजू खाली येईल असं चाक फिरवलं, पैसे वहीवर ठेवले आणि मागे न बघता घर गाठलं. रिमचे किती रुपये पडतील एवढीच भीती होती. त्यानंतर ती सायकल दुसऱ्या कुणीतरी नेली असणार आणि उतारावर ब्रेक दाबला असणार, हे डोक्यात शिरायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

ती सायकल आठवायची खात्रीची जागा म्हणजे ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लेफ्काडा आणि खात्रीची वेळ म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. आठवडाभर आयोनियन समुद्रात हिंडून आलेल्या भाड्याच्या शिडाच्या बोटी त्या वेळी मरीनात परततात. चाळीस-पंचेचाळीस फुटांची एकेक बोट मागच्या अंगानं धक्क्याकडे सरकत येते. चालवणाऱ्याचं लक्ष मागं, बायकोच्या हातात दोर, पोरांच्या हातात धक्का झेलायचे फुगे, म्हणजे फेंडर, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखा भाव. मराठीत बोट जिथं लागते तोही धक्का आणि बोटीला जो लागतो तोही धक्का. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही एकाच ठिकाणी बघायला मिळतात. बोट बांधून झाली की कंपनीचा माणूस यादी घेऊन चढतो. बऱ्याच ठिकाणी एक पाणबुड्याही येतो, काचेचा मुखवटा चढवून बोटीखाली जातो आणि पंखा, सुकाणूचं पातं आणि तळाखालची कील तपासतो. तो वर येईपर्यंत डेकवर कुणी फारसं बोलत नाही.

या बोटी आहेत कुणाच्या? बघणाऱ्याला वाटतं कंपनीच्या. त्यातल्या पुष्कळशा खासगी माणसांच्या असतात. कुणी दंतवैद्य, कुणी निवृत्त इंजिनियर, कुणी दोघा भावांनी मिळून घेतलेली. नवी पंचेचाळीस फुटी बोट दोन-अडीच लाख युरोंच्या पुढं जाते. वर्षातून तीन आठवडे फिरायला एवढा पैसा पाण्यावर ठेवणं कुणालाही जड जातं, म्हणून मालक ती एखाद्या कंपनीच्या ताब्यात देतो. कंपनी ती इतरांना आठवड्याच्या भाड्यानं देते, देखभाल बघते, मालकाला भाड्यातला वाटा किंवा ठरलेली रक्कम देते आणि वर्षातले काही आठवडे बोट त्याच्यासाठी मोकळी ठेवते. पाच-सहा वर्षांनी बोट त्याची त्याला परत मिळते. ही पद्धत रुजली ती कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर. तिथं टॉर्टोला बेटावर १९६९ साली कॅरी दांपत्यानं ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी काढली आणि हा धंदा पुढं भूमध्य समुद्रापर्यंत पसरला. क्रोएशिया आणि ग्रीस ही आज त्याची मोठी ठाणी आहेत. आता तर पुण्या-मुंबईची, दुबईतली मराठी मंडळीही परवाने काढून तिथं बोटी घेऊन फिरताना भेटतात.

यातली खरी मेख अशी की बोट तांडेलाशिवाय दिली जाते. धंद्यात तिला बेअरबोट म्हणतात. बोट, नकाशे, भांडीकुंडी आणि किल्ली तुमच्या हातात. पुढचे सात दिवस नाखवा तुम्ही. मुंबईत गेटवेला जी यॉट तासावर मिळते तिच्यावर मालकाचा तांडेल आणि खलाशी असतात. तिथं पाहुण्यानं फार तर गादीवर सिगारेटचा डाग पाडला किंवा काच फोडली, एवढीच भानगड. बोट खडकावर घातली तर ती मालकाच्याच माणसानं. बेअरबोटीत मालक हजारो मैलांवर असतो, कंपनीची माणसं किनाऱ्यावर, आणि समुद्रात काय झालं हे फक्त बोटीवरच्यांना ठाऊक. मोडतोड आणि चोरीची सगळी व्यवस्था या एका गोष्टीभोवती फिरते: ज्याला माहीत आहे त्याला सांगायला लावायचं कसं.

त्यावरचा जुना उपाय म्हणजे अनामत. अशा बोटीला साधारण दोन ते चार हजार युरो क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. किंवा परत न मिळणारी एक छोटी रक्कम भरा आणि मोठी जोखीम कमी करून घ्या, असा पर्याय देतात. तो घेतला की लोक निर्धास्त होतात. बारीक टाइप कुणी वाचत नाही. छोटी होडी, तिचं इंजिन आणि निष्काळजीपणानं झालेलं नुकसान या गोष्टी त्यातून बहुधा वगळलेल्या असतात, म्हणजे नेमक्या ज्या हरवतात आणि मोडतात त्याच.

शनिवारी दुपारी बोट ताब्यात घेतानाचा तासभर म्हणूनच सोन्याचा. त्या वेळी सगळ्यांना बर्फ आणि बिअर आणायची घाई असते. कंपनीच्या पोराला त्या दिवशी अजून चार बोटी सोपवायच्या असतात. तो यादीवर भराभर खुणा करतो आणि सही करा म्हणतो. अनुभवी माणूस तेव्हा बर्फ विसरतो. बाजूच्या पांढऱ्या कातडीवरून, जिला जेलकोट म्हणतात, तो तिरपा बघत जातो, कारण ओरखडे समोरून दिसत नाहीत, तिरप्या उन्हात दिसतात. मागच्या कोपऱ्यांवर धक्क्याचे घाव असतातच. त्यांचा नाणं शेजारी ठेवून फोटो काढतो. शीड बांधलेलं असेल तर उलगडून बघतो. नांगराची साखळी थोडी सोडून विंच ओढतो का ते पाहतो. सगळे संडास पंपून बघतो, कारण बोटीवरच्या भांडणांत तुंबलेल्या संडासाचा नंबर फार वरचा. त्याची नळी मनगटाएवढीही जाड नसते. कागद टोपलीत टाका अशी पाटी लावलेली असते आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी ती विसरतंच.

आठवड्यात जे जातं ते बहुतेक किरकोळच. विंचचं हँडल हातातून निसटतं आणि सरळ तळाला जातं. गादी वाऱ्यानं उडते. आकडीची काठी, फेंडर, पोहायचे चष्मे, स्टीलचे चमचे. चमचे कुठं जातात हे लग्नाच्या कार्यालयवाल्यांनाही कळलेलं नाही. हे हिशोब सरळ असतात, वस्तूची किंमत वळती करून घेतली की मिटलं. वाद पेटतो तो झीज आणि मोडतोड यांच्या सीमेवर. सहा वर्षं उन्हात तापलेलं शीड तुमच्या हातात फाटलं तर फाडलं कुणी, तुम्ही की उन्हानं? पंपाचा रबरी पडदा जून होऊन तुटला तर पैसे कुणी द्यायचे? आणखी एक कुरबुर नावाड्यांच्या तोंडी नेहमी असते: ओरखड्याचे पैसे या आठवड्यात एकाकडून कापतात, दुरुस्ती मात्र हिवाळ्यात करतात, मग मधल्या काळात त्याच ओरखड्याचे अजून किती जणांकडून घेतात? सगळेच असं करतात असं नाही. पण हा संशय एकदा मनात बसला की पाहुणा ठरवून टाकतो, आपण होऊन काही बोलायचं नाही.

नुकसान कुणी सोसायचं या प्रश्नाचं उत्तर कायद्यानं फार पूर्वी देऊन ठेवलं आहे, आणि ते आपल्याकडेही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात ‘निक्षेप’ नावाचं प्रकरण आहे. आपली वस्तू ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की ती परत घ्यायची, तो निक्षेप. धोब्याकडे दिलेली साडी, गॅरेजात लावलेली गाडी, गोव्यात भाड्यानं घेतलेली स्कूटर, सगळं यात बसतं. कलम १५१ सांगतं की साधारण शहाणा माणूस तशाच स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. तेवढी घेऊनही नुकसान झालं, तर वेगळा करार नसेल तर तुम्ही जबाबदार नाही, असं कलम १५२ म्हणतं. बोटीच्या भाडेपत्रावर आपण न वाचता सही करतो तो हाच ‘वेगळा करार’.

मला जास्त आवडतं ते कलम १५०. ते देणाऱ्याला बांधतं. वस्तूत दोष असेल आणि ठाऊक असेल तर तो सांगायला हवा. आणि वस्तू भाड्यानं दिलेली असेल तर दोष ठाऊक नव्हता हीसुद्धा सबब चालत नाही. कायद्यातलंच उदाहरण घोडागाडीचं आहे. गाडी भाड्यानं दिली, ती धोक्याची होती, मालकाला त्याची कल्पनाही नव्हती, घेणाऱ्याला इजा झाली, जबाबदार मालक. ग्रीसमध्ये ग्रीक कायदा आणि तिथलं भाडेपत्र चालणार हे उघडच आहे, पण या घोडागाडीतून मालकाची कोंडी नीट दिसते. मागच्या आठवड्यातल्या पाहुण्यानं न सांगितलेला दोष या आठवड्यात मालकाच्या गळ्यात पडतो.

मग विमा कशाला असतो, असं कुणी विचारेल. इथं पहिला खड्डा नव्या मालकासाठी आहे. खासगी यॉटचा जो नेहमीचा विमा असतो, त्याच्या शर्ती पुष्कळदा लंडनच्या १९८५ सालच्या ‘इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस’च्या वळणावर बेतलेल्या असतात. त्यांत स्वच्छ अट आहे की बोट फक्त स्वतःच्या हौसेसाठी वापरायची. भाड्यानं द्यायची असेल तर विमा कंपनीची खास संमती घ्यायची. मित्राच्या मित्राला ‘डिझेलपुरते’ पैसे घेऊन बोट देणारा मालक ही अट वाचतो ती दावा फेटाळला गेल्यावर. दुसरं, विमा झीज भरून देत नाही. आपला १९६३ चा सागरी विमा कायदा इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यावरून घेतलेला आहे. त्याच्या कलम ५५ नुसार नेहमीची झीज, नेहमीची गळती, वस्तूचा अंगचा दोष आणि उंदीर-घुशींनी केलेलं नुकसान यांना विमा कंपनी जबाबदार नाही, पत्रात वेगळं लिहिलं नसेल तर. उंदरांना कायद्यात जागा मिळाली यात गंमत वाटण्यासारखं काही नाही; लाकडी जहाजांच्या जमान्यात ते भोकं पाडायचे, आज विजेच्या तारा कुरतडतात.

चोरीच्या शर्ती तर वकिलानं नव्हे, एखाद्या खवट काकांनी लिहिल्यात असं वाटतं. पूर्ण बोट चोरीला गेली, भरपाई मिळेल. तिची छोटी होडी गेली, मिळेल. होडीचं आउटबोर्ड इंजिन गेलं तर मात्र ते नेहमीच्या पकडस्क्रूंखेरीज चोरीविरोधी कुलपानंही बांधलेलं असायला हवं. बोटीतलं सामान गेलं तर कुलूप किंवा दार फोडल्याची खूण हवी. दार उघडं टाकून जेवायला गेलात तर तुमचं तुम्ही बघा. आणि इंजिन चोरीला न जाता आपणच पाण्यात पाडलं, तर त्याला भरपाई नाही, असं वेगळं वाक्य त्यात आहे. बोटीच्या मागं टांगलेलं इंजिन होडीवर उतरवताना समुद्राला अर्पण केलेली माणसं एवढी असावीत की त्यांच्यासाठी स्वतंत्र कलम लिहावं लागलं.

चोर नेतात ते नेमकं हेच. मोठी बोट चोरणं अवघड, विकणं त्याहून अवघड. छोटी होडी मात्र एका सुरीनं सुटते, आणि वीसेक किलोचं इंजिन दोन माणसं उचलून नेतात. मासेमारी करणाऱ्या कुठल्याही गावात त्याला गिऱ्हाईक असतं. या होडीला इंग्रजीत जे नाव आहे ते आपल्याकडूनच गेलेलं आहे: डिंगी. हा हिंदी-बंगाली शब्द इंग्रजांनी नेला आणि साऱ्या जगात पसरवला. कॅरिबियन बेटांवर डिंगी रात्री पाण्यात सोडत नाहीत. शीड चढवायच्या दोरानं ती हातभर वर उचलून बोटीच्या कुशीला टांगतात, आणि वर तारेच्या दोरानं कुलूप घालतात. साधा दोर चोराला अडवत नाही, तो फक्त होडी वाहून जाऊ देत नाही. दुसरी एक युक्ती ऐकायला उफराटी वाटते: डिंगीवर मोठ्या बोटीचं नाव लिहू नका. किनाऱ्यावर बांधलेली डिंगी आणि तिच्यावर बोटीचं नाव, म्हणजे ‘या बोटीवर आत्ता कुणी नाही’ अशी पाटीच. इंजिनचं वरचं झाकण जुनाट दिसावं म्हणून त्यावर मुद्दाम भलताच रंग फासणारे लोकही आहेत. नव्या कोऱ्या झाकणापेक्षा भडक पोपटी झाकणाला चोर कमी भुलतो आणि ते दुरूनही ओळखू येतं.

चोरी झाल्यावरचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळी भरपाई त्या कंटाळ्यावरच अवलंबून असते. कंपनीला लगेच फोन, जवळच्या बंदर पोलिसांत तक्रार, तिची शिक्का मारलेली प्रत, कापलेल्या दोराचा फोटो, तुटलेलं कुलूप जपून ठेवणं, आणि इंजिनचा नंबर. हा नंबर शनिवारीच टिपलेला असेल तर असतो, इंजिन गेल्यावर तो कुठून आणणार? बोटीलाही असा नंबर असतो. युरोपात चौदा खुणांचा, पहिली दोन अक्षरं देशाची, मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला. अमेरिकेत १९७२ पासून बारा खुणांचा आहे, आणि १९८४ पासून तोच नंबर बोटीत आणखी एका लपलेल्या जागी कोरणं बंधनकारक आहे. मागची पट्टी खरवडणाऱ्याला आतली जागा ठाऊक नसते.

आणि चोर पाहुणाच निघाला तर? ठरलेल्या शुक्रवारी बोट आलीच नाही, फोन बंद. लोक याला सरसकट चोरी म्हणतात. विमा कंपनी आणि फौजदारी कायदा म्हणत नाहीत. बोट त्यानं उचललेली नाही, तुम्हीच विश्वासानं दिली होती. आपल्या भारतीय न्याय संहितेतही चोरी कलम ३०३ मध्ये आहे आणि विश्वासानं सोपवलेल्या वस्तूचा अपहार वेगळ्या, ३१६ व्या कलमात. विम्याच्या पत्रातही ही जोखीम वेगळी मागून घ्यावी लागते. म्हणून हल्ली बोटीत माग काढणारं यंत्र लपवतात. बोटीनं आखून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की किनाऱ्यावर इशारा येतो. तरी माझ्या मते चोरीची भीती या धंद्यात उगाच मोठी करून सांगितली जाते. चोरी लपत नाही. सकाळी उठलं की डिंगी नसते, आरडाओरडा होतो, तक्रार होते, पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत. मोडतोडीतही ओरखडा दिसतो, फाटलेलं शीड दिसतं. मालकाची झोप उडायला हवी ती न दिसणाऱ्या गोष्टीनं.

शिडाच्या बोटीच्या तळाला खाली लोंबणारा एक जाड पंख असतो, त्याला कील म्हणतात. बोट वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तो बिडाचा किंवा शिशाचा, भाड्याच्या बोटीत बहुधा बिडाचा, दोन-तीन टन वजनाचा करतात आणि तळातून बोल्ट घालून आवळतात. बोटीला तरंगायला दोन मीटरच्या आसपास पाणी लागतं ते याच्यामुळं. आता बोट सहा नॉट वेगानं, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरनं, चालली आहे आणि कीलचं खालचं टोक खडकाला लागलं. वेग सायकलपेक्षाही कमी. पण सात-आठ टनांचं धूड जागच्या जागी थांबतं, कप खाली पडतात, माणसं पुढं कोलमडतात. खालचं टोक अडलं आणि वरची बोट पुढं जाऊ बघते, त्यामुळं कील पहारीसारखी उलथते: पुढचे बोल्ट खाली ओढले जातात आणि कीलची मागची कड तळ फोडून वर यायला बघते. आतून फायबरच्या तळाला बळकटी देणारी एक जाळी बसवलेली असते; पुष्कळ बोटींत ती तळाला चिकटवलेली असते. ती तिथं सुटू शकते. बाहेरून पाहिलं तर कीलच्या टोकाला चार बोटं रंग गेलेला दिसतो, बस. पाच मिनिटांत बोट मागं घेतली की ती छान चालते. पाणी येत नाही. रात्री जेवताना त्याचा विनोद होतो. आणि शुक्रवारी संध्याकाळी कंपनीचा माणूस विचारतो, ‘सगळं ठीक?’ तेव्हा दोन हजार युरो डोळ्यांसमोर असतात.

मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ नावाची चाळीस फुटी बोट अँटिग्वाच्या शर्यती आटपून इंग्लंडला परत निघाली होती. एका कंपनीकडून चालवली जाणारी, २००६ सालची ‘बेनेटो फर्स्ट ४०.७’. बोटीवर चौघं जण. अटलांटिकच्या मध्यावर बोट पाणी घेते आहे असा निरोप आला आणि नंतर संपर्क तुटला. काही दिवसांनी उलटलेला तळ सापडला, त्याला कील नव्हती. जीवरक्षक तराफा आतच होता. चौघंही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाचा अहवाल २०१५ मध्ये आला. तळ परत आणता आलेला नव्हता, म्हणून अहवाल ‘शक्यता’ या शब्दापलीकडे गेला नाही: पूर्वी वेळोवेळी तळाला लागलेले धक्के आणि त्यांनंतरच्या दुरुस्त्या यांनी मिळून कील जिथं जोडलेली होती ती जागा कमजोर झाली असावी. हलका धक्कासुद्धा आतली जाळी सोडवू शकतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही, हे त्यात सांगितलं आहे. त्या बोटीच्या बाबतीत कुणी काही लपवलं होतं असं मी म्हणत नाही. पण अहवाल वाचताना मला शुक्रवारचा मरीना दिसत राहतो. दर आठवड्याला नवा माणूस, दर आठवड्याला ‘सगळं ठीक’.

गप्प बसायला अनामत हे एकच कारण नाही. ग्रीसमध्ये बोट तळाला लागल्याचं बंदर पोलिसांना कळवलं की तपासनीसाचा दाखला मिळेपर्यंत तिथून निघायला मनाई होऊ शकते. कुटुंबासह आलेल्या माणसाला यात सुट्टीचे तीन दिवस बुडालेले दिसतात. खडकावर अडकलेली बोट ओढायला कुणी स्थानिक आला तर दुसरी भीती. समुद्रात वाचवणाऱ्याला वाचवलेल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात बक्षीस मागता येतं; लॉइड्सचा ‘वाचवलं तरच पैसे’ हा छापील करार १९०८ पासून चालत आलेला आहे. म्हणून जिवाला धोका नसेल तर दोर हातात घेण्याआधी भाव ठरवावा आणि कंपनीला फोन लावावा, असं शिकवतात. एवढ्या सगळ्या भानगडींपेक्षा लाटेची वाट बघून हळूच निसटणं आणि तोंड मिटणं स्वस्त वाटतं. वाटणारच. सगळी व्यवस्थाच तशी रचलेली आहे: सांगणाऱ्याला दंड, न सांगणाऱ्याला पूर्ण अनामत परत.

विमानवाल्यांनी ही गाठ कधीच सोडवली. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांच्या चुका गोळा करते. वैमानिकानं चूक मुद्दाम केलेली नसेल, त्यात गुन्हा नसेल आणि दहा दिवसांच्या आत त्यानं स्वतः होऊन कळवली, तर एरवी झाली असती ती शिक्षा बहुधा माफ होते. चुका गोळा करणारी संस्था परवाने देणाऱ्या संस्थेपासून वेगळी ठेवली, यातच सगळी खुबी आहे. बोटीच्या मालकाला एवढा पसारा मांडायची गरज नाही. भाडेपत्रात एक ओळ घालता येते: तळाला लागल्याचं त्याच दिवशी सांगितलं तर पाणबुड्याचा किंवा तपासणीचा खर्च तेवढा घेऊ, अनामतीला हात लावणार नाही, न सांगता पाणबुड्याला सापडलं तर पूर्ण अनामत जाईल. मालकाला यात तोटा होतो का? दुरुस्ती मोठी निघाली तर ती तशीही विम्यावर जाते, आणि विमा कंपनीलाही नुकसान कोणत्या आठवड्यात झालं हे कळायला हवंच असतं. दहा आठवड्यांनी क्रेननं बोट वर काढल्यावर तडा दिसला तर तो कुणाच्या माथी मारणार? तोवर दहा कुटुंबं त्या बोटीत झोपून गेलेली असतात.

काही जुने मालक एक वही ठेवतात, नकाशाच्या टेबलाच्या खणात. त्यात प्रत्येक पाहुण्यानं काय बिघडलं, काय विचित्र वाटलं ते लिहायचं, नाव घालण्याची सक्ती नाही. ‘डावीकडचा विंच अडतो.’ ‘फ्रीज दुपारी बंद पडतो, बटण दोनदा दाबा.’ ‘मेगानिसी बेटाच्या उत्तरेला हलकं टेकलं, बहुधा वाळू.’ नवा पाहुणा चढला की आधी ही वही वाचतो. आपल्या आधीच्यानं कबूल केलेलं वाचलं की आपल्यालाही लिहावंसं वाटतं. कंपनीच्या छापील यादीत हे कधी येत नाही, कारण तिच्या तळाशी सहीची आणि रकमेची जागा असते.

आणि वही नसली तरी बोट घेताना एक काम स्वतः करता येतं. त्याला दहा मिनिटं लागतात आणि कंपनीचा पोरगा नेमका त्याच वेळी घाईत असतो. मधल्या खोलीतली टेबलाशेजारची फळी उचलायची. खाली बोटीचं पोट दिसतं, रांगेनं कीलचे बोल्ट दिसतात, प्रत्येकाखाली जाड लोखंडी पट्टी. टॉर्च आडवा धरायचा. बोल्टभोवती तांबूस ओघळ आहेत का, जाळीच्या कडेला केसाएवढ्या रेघा आहेत का, रंग नुकताच मारल्यासारखा कुठं चकाकतोय का, ते बघायचं. मागच्या बोल्टांपाशी जास्त वेळ थांबायचं. केबिनची दारं उघडून मिटून पाहायची. तळ पिळवटलेला असेल तर दार चौकटीत अडतं. पोटात थोडं पाणी असतंच. मग बोटीच्या पोटात बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. गोडं लागलं तर टाकी किंवा नळ गळतोय, रबर बदललं की झालं. खारं लागलं तर बर्फ, बिअर आणि शनिवारची संध्याकाळ सोडून द्यायची, आणि पाणबुड्याला बोलवा म्हणायचं.